वास तोच, कार्बन वेगळा

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. अडखळणं आणि मधला गाड्यांचा आवाज काढलाय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज पामहून बोलतोय. बोईसरजवळचं, तारापूर एमआयडीसीच्या शेजारचं आमचं गाव. तुमच्यापैकी जे इथले आहेत त्यांना वासांबद्दल मी काही शिकवायला नको. रात्री खिडकी उघडली की आज कोणत्या बाजूचा वारा आहे ते नाकालाच कळतं.

पण आजची गोष्ट एका चांगल्या वासाची आहे. व्हॅनिलाची.

बीएस्सी केमिस्ट्री झाल्यावर मी एका छोट्या युनिटमध्ये क्यूसीला लागलो. युनिटचं नाव सांगणार नाही, आणि ते कुठे आहे हेही विचारू नका. तिथे फ्लेवर पावडरी बनायच्या. व्हॅनिला, बटरस्कॉच, केशर-पिस्ता असलं सगळं. वर्षभर माझ्या शर्टाला, केसांना, मोबाईलच्या कव्हरला व्हॅनिलाचा वास. शेअर रिक्षात बाजूला बसलेल्या मावशी विचारायच्या, "बेकरीत कामाला आहेस का रे?" एकदा हो म्हणून टाकलं. मग रोज केकचे भाव विचारायला लागल्या.

तर एके दिवशी एका व्यापाऱ्याकडून व्हॅनिलिनचा ड्रम आला. व्हॅनिलिन म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचा मुख्य रेणू. पांढरी, सुईसारखी स्फटिकं. ड्रमवर आणि सोबतच्या पत्रावर लिहिलेलं, 'नॅचरल'. मी नमुना काढला, एचपीएलसीवर लावला, शुद्धता आली ९९.८ टक्के. वितळबिंदू बरोबर, रंग बरोबर, वास तर काय विचारता. मी ॲनालिसिस सर्टिफिकेट बनवलं. ज्याला आपण सगळे सीओए म्हणतो ते. त्यात 'नॅचरल' हा शब्द मी सप्लायरच्या पत्रातून कॉपी करून पेस्ट केला आणि खाली सही ठोकली.

दीड महिन्याने गिऱ्हाईकाकडून मेल आला. त्यांचा माल बाहेर जाणार होता, म्हणून त्यांनी तो वेगळ्या लॅबला पाठवलेला. रिपोर्टवर दोनच ओळी महत्त्वाच्या होत्या. डेल्टा कार्बन-१३: उणे २९.५. कार्बन-१४: आढळला नाही. आणि खाली निष्कर्ष, की हे व्हॅनिलिन नैसर्गिक नाही, खनिज तेलापासून बनलंय.

सरांनी कागद माझ्यापुढे ठेवला. "सही तुझी आहे. हे काय आहे सांग."

मला माहीत नव्हतं. खरंच. तीन वर्षं केमिस्ट्री शिकलो होतो आणि त्या आकड्यासमोर मी ठोंब्या. घरी आईला सांगितलं, आयसोटोप टेस्टमध्ये माल फेल झाला. तिचा चेहराच उतरला. "अणुशक्तीचं काही मिसळलं का रे त्यात?" आमच्याकडे आयसोटोप म्हटलं की तारापूरचं अणुवीज केंद्रच आठवतं. १९६९ पासून शेजारी उभं आहे ते, दुसरं काय आठवणार.

म्हणून तिथूनच सुरू करतो.

आयसोटोप म्हणजे एकाच मूलद्रव्याची कमी-जास्त वजनाची भावंडं. वागणूक जवळपास तीच, वजन वेगळं. आणि प्रत्येक आयसोटोप काही किरणोत्सारी नसतो. कार्बन घ्या. बहुतेक कार्बन १२ वजनाचा. शंभरात साधारण एक अणू १३ वजनाचा, तो अगदी शांत, स्थिर, तुमच्या माझ्या अंगातही आहे. आणि लाख कोटीत एखादा १४ वजनाचा. हा मात्र किरणोत्सारी आहे आणि हळूहळू संपत जातो, ५७३० वर्षांत निम्मा होतो. वातावरणात तो सतत नवा तयार होत असतो, म्हणून जिवंत झाडात तो असतोच. झाड मेलं की नवा येणं बंद, जुना संपत जाणार.

आता खनिज तेल म्हणजे काय? कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेले जीव. त्यातला कार्बन-१४ केव्हाच संपला. म्हणजे तेलापासून बनवलेल्या कुठल्याही पदार्थात तो शून्य. आता परत त्या रिपोर्टची दुसरी ओळ आठवा: आढळला नाही. परवा-तेरवा शेतातून आलेल्या वस्तूत तो सापडायलाच हवा होता. माझ्या सहीची वाट तिथेच लागली होती.

पहिली ओळ जास्त मजेशीर आहे. थोडा वेळ द्या.

झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्याची साखर बनवतं. पण घेताना बहुतेक झाडं आवडनिवड करतात. हलका कार्बन-१२ पटकन उचलतात, जड १३ मागे राहतो. लहानपणी चिवड्यातले शेंगदाणे वेचून खायचात की नाही? आई ताटली भरत राहिली की आपण वेचतच राहतो. तांदूळ, गहू, आंबा, चिकू, लवंग, जंगलातली बहुतेक झाडं या वेचणाऱ्यांतली. यांना सी-३ म्हणतात. दुसरा गट ऊस, मका, ज्वारी, बाजरी, नाचणी यांचा. हे आधी कार्बन डायऑक्साइड एका आतल्या खोलीत कोंडतात आणि मग वापरतात. म्हणजे एक वाटी चिवडा हातात दिला आणि दार लावून घेतलं. वेचणार किती? सगळंच खावं लागतं. म्हणून यांच्यात जड कार्बन जास्त उरतो. हा सी-४ गट.

मोजमापासाठी शून्य कुठलं धरायचं, तर अमेरिकेत साउथ कॅरोलायनामध्ये पीडी नावाच्या खडकांत सापडलेल्या एका प्राचीन समुद्री जिवाच्या जीवाश्मावरून ते ठरलंय. त्याच्या तुलनेत आपली बहुतेक झाडं हलकी, म्हणून आकडे उणे. दर हजारी मोजतात. सी-३ झाडं साधारण उणे २४ ते उणे ३२. ऊस-मका साधारण उणे १० ते उणे १५. जव्हार-मोखाड्यात रोज नाचणीची भाकरी खाणारा आणि खाली पट्टीत भात खाणारा यांच्या केसांतही हा फरक उतरतो. जे खातो तेच होतो, हे अणूंच्या पातळीवरही खरं आहे.

आणि व्हॅनिला? ती एक ऑर्किड आहे, वेल. तिची तऱ्हा तिसरी. अननस, निवडुंग, कोरफड यांच्यासारखी ती रात्री पानांची छिद्रं उघडते. दिवसा ऊन असतं, पाणी जाऊ नये म्हणून दार बंद. रात्री साठवायचं, दिवसा शिजवायचं. त्यामुळे तिचा आकडा मधे पडतो. शेंगांतून काढलेलं खरं व्हॅनिलिन उणे २० च्या आसपास येतं. लाकडातल्या लिग्निनपासून बनवलेलं उणे २७ च्या जवळ. तेलापासून निघणाऱ्या ग्वायकॉलपासून बनवलेलं बहुतेकदा उणे तीसच्या आसपास. तांदळाच्या कोंड्यातल्या फेरुलिक ॲसिडपासून जिवाणूंकडून बनवून घेतलेलं त्याहूनही खाली, उणे ३६ च्या जवळपास.

चारही व्हॅनिलिन एचपीएलसीला सारखीच दिसतात. नाकालाही. रेणू तोच आहे हो! फक्त त्याचा कार्बन कुठल्या घरातून आला ते वेगळं.

यंत्र काय करतं? टिनच्या मुगाएवढ्या कपात मिलिग्रॅमहूनही कमी नमुना भरतात, हजारेक अंशांवर जाळतात. जळून कार्बन डायऑक्साइड झाला की तो मास स्पेक्ट्रोमीटरमधून जातो. कार्बन-१२ चा रेणू ४४ वजनाचा, १३ चा ४५ चा. दोघांचं प्रमाण मोजायचं. झालं. काटा सोनाराचा असतो ना, तसाच हा. तत्त्व साधं, पण यंत्र महाग आणि चालवणारा हात मुरलेला लागतो.

इतका खटाटोप कशासाठी, तर पैशासाठी. कारखान्यातलं व्हॅनिलिन हजार-दीड हजार रुपये किलोच्या घरात मिळतं. खऱ्या शेंगांतून काढलेलं एक किलो व्हॅनिलिन लाखाच्या वर जातं. व्हॅनिलाचं फूल मेक्सिकोबाहेर बहुतेक ठिकाणी हातानेच फलित करावं लागतं. ती युक्ती १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. आजही तेच, एकेक फूल, काडीने. त्यानंतर शेंगा महिनोन्‌महिने मुरवायच्या, आणि मुरलेल्या शेंगेत व्हॅनिलिन शंभरात जेमतेम एक-दोन भाग. जगात खपणाऱ्या व्हॅनिलिनपैकी शेंगांतलं शंभरात एकही नसेल. कोंड्यापासून बनलेलं 'नॅचरल' मधल्या भावाला जातं, पण तेही साध्या मालाच्या कितीतरी पट. म्हणजे ड्रमवरचं लेबल बदललं की तोच माल कित्येक पट महाग. डोकं फिरायला एवढं पुरेसं आहे.

आणि डोकी फिरलीच.

कार्बन-१३ ची तपासणी आली तशी लबाडीनेही केमिस्ट नेमले. तेलाचं व्हॅनिलिन उणे तीसला आहे, ते उणे वीसला न्यायचंय ना? मग प्रयोगशाळेत मुद्दाम कार्बन-१३ भरलेलं थोडं व्हॅनिलिन बनवायचं आणि त्यात मिसळायचं. मी हिशेब करून पाहिला, किलोत ग्रॅमभरही लागत नाही. आकडा बरोब्बर शेंगेसारखा येतो! १९८० च्या दशकात अमेरिकेत ही चलाखी पकडली गेली. पकडणाऱ्यांनी काय केलं, तर व्हॅनिलिनच्या रेणूचा एक तुकडा, मिथाइल नावाचा, तोडून वेगळा मोजला. सगळा जड कार्बन त्याच एका कोपऱ्यात कोंबलेला. झाड असं कधी करत नाही. मग लबाडांनी कोपरा बदलला. मग तपासणाऱ्यांनी तोही तोडला. असं चाललं.

कार्बन-१४ चंही तेच झालं. बदामाचा वास देणारा बेंझाल्डिहाइड तेलापासून निघणाऱ्या टोल्युइनपासून स्वस्तात बनतो. टोल्युइन हे नाव तुम्ही टँकरच्या पाठीवर वाचलं असेल. त्यात कार्बन-१४ शून्य, लगेच पकडला जाणार. तर काहींनी त्यात चक्क किरणोत्सारी कार्बन मिसळला, नैसर्गिक वाटावं म्हणून. १९९० मध्ये जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी दालचिनी आणि बदामाच्या वासांतली ही हातचलाखी छापून उघड केली. खाण्याच्या पदार्थात, मंडळी. आईला वाटलेली भीती अगदीच वेडगळ नव्हती म्हणायची.

मग सुटका कशी? इथे आमच्या शेजाऱ्याची परत आठवण येते. तारापूरच्या ३ आणि ४ नंबरच्या युनिटांत जड पाणी वापरतात. जड पाणी म्हणजे ज्यातला हायड्रोजन दुप्पट वजनाचा, ड्युटेरियम, आहे ते. हे ड्युटेरियम साध्या पाण्यातही असतं, साधारण साडेसहा हजारांत एक. त्यामुळे झाडातही. फ्रान्समधल्या नांत विद्यापीठात जेरार आणि मारीव्होन मार्तां या जोडप्याने १९८० च्या सुमारास एक पद्धत काढली, स्निफ-एनएमआर. वाइनमध्ये बाहेरून साखर घातली का हे पकडायला ती पहिल्यांदा वापरली. या पद्धतीत रेणू तोडावा लागत नाही. रेणूच्या प्रत्येक जागी किती ड्युटेरियम बसलंय ते वेगवेगळं वाचता येतं. बेरीज जुळवणं सोपं असतं, पण प्रत्येक कोपऱ्यातला हिशेब जुळवायचा म्हणजे इतका खर्च येतो की त्यापेक्षा खऱ्या शेंगा घेतलेल्या परवडतात. लबाडी थांबते ती बहुधा तिथेच. परवडत नाही म्हणून.

आता कोणी म्हणेल, व्हॅनिलाच्या शेंगा आमच्या घरात कोण आणतं? बरोबर आहे. मग मधाकडे या, तो प्रत्येकाच्या घरात आहे.

मधमाश्या ज्या फुलांवर जातात ती बहुतेक सी-३. म्हणून मधाचा आकडा उणे पंचविसाच्या आसपास. उसाची किंवा मक्याची साखर घातली की तो वर सरकतो आणि लगेच कळतं. मधातल्या प्रथिनाचा आकडा आणि मधाचा आकडा शेजारी ठेवून बघतात. प्रथिन माशीकडून आणि परागातून आलेलं, साखरेला ते खोटं पाडतं. मधाची कार्बन-१३ तपासणी १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत मक्याच्या सिरपमुळे आली. आपल्या एफएसएसएआयच्या मधाच्या मानकांतही ती आहे.

पण वर काय म्हटलं मी? तांदूळ सी-३ आहे. मग तांदळाचं सिरप घातलं तर?

डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने नेमकं हेच पुढे आणलं. बाजारातले १३ ब्रँड घेतले. गुजरातमधल्या आणंदच्या लॅबमध्ये आपल्या नेहमीच्या तपासण्यांत जवळपास सगळे मोठे ब्रँड पास. तेच नमुने जर्मनीला एनएमआरसाठी पाठवले तर १३ पैकी फक्त ३ पास. त्यांनी आणखी एक गंमत केली. 'ऑल पास' अशा खुणेच्या नावाने विकलं जाणारं सिरप मिळवलं, स्वतःच शुद्ध मधात २५ आणि ५० टक्के मिसळलं आणि तपासायला दिलं. तेही पास! कंपन्यांनी हे निष्कर्ष नाकारले, हेही सांगायला हवं. पण निम्मं सिरप घातलेला मध पास होतो म्हटल्यावर तपासणीबद्दल प्रश्न उरतोच. आणि अमेरिकेला जाणाऱ्या मधासाठी एनएमआर त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून सक्तीची केली होती. घरच्यांसाठी एक चाळणी, पाहुण्यांसाठी दुसरी. मला हे खटकतं, स्पष्ट सांगतो. मधाच्या पेट्या सांभाळणाऱ्याला किंवा रानातून मध काढून आणणाऱ्याला त्या सिरपच्या भावाशी स्पर्धा करावी लागते. त्याच्याकडे जर्मनीचा रिपोर्ट नसतो.

आणि हो, ते मध पाण्यात टाका, काडी पेटवा, कुत्र्याला हुंगवा वाले व्हिडिओ. फॉरवर्ड करू नका रे. जे सिरप लॅबला चकवतं ते तुमच्या स्टीलच्या पेल्याला काय घाबरणार?

एक गैरसमज मात्र होऊ देऊ नका. कारखान्यातलं व्हॅनिलिन म्हणजे विष नव्हे. ते १८७४ पासून बनतंय, जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी सुरुवात केली. आपल्या कंपासपेटीवाल्या कॅमलिनमधून वेगळी झालेली कॅमलिन फाइन सायन्सेस, जिचा कारखाना इथे तारापूरलाही आहे, तिने गुजरातमध्ये दहेजला व्हॅनिलिनचा कारखाना उभारला. ते उघड व्यापाराचं काम आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आपल्या कायद्यात यासाठी वेगळा शब्दच आहे. आइस्क्रीमचा डबा उलटा करा आणि बारीक अक्षरं वाचा. 'नॅचरल फ्लेवरिंग' लिहिलं असेल तर तो वास वनस्पतीतून किंवा क्वचित प्राण्यातून, भौतिक प्रक्रियेने काढलेला असायला हवा. 'नेचर-आयडेंटिकल' म्हणजे रेणू निसर्गातलाच, पण रासायनिक वाटेने मिळवलेला. 'आर्टिफिशियल' म्हणजे असा रेणू निसर्गात सापडलेलाच नाही. अनेक डब्यांवर तुम्हाला मधला शब्द दिसेल आणि तो खरा असतो. आयसोटोपची तपासणी पदार्थ आरोग्याला चांगला की वाईट हे सांगत नाही, चवीचंही सांगत नाही. ती फक्त वंशावळ वाचते. तुम्ही ज्याचे पैसे दिलेत तेच मिळालं का, एवढाच तिचा प्रश्न.

तर माझ्या सहीचं काय झालं?

नोकरी गेली नाही. सर ओरडले, मग स्वतःच म्हणाले की आपल्याकडे हे यंत्रच नाही तर तू तरी काय करणार. यंत्र नाही हे खरं. पण सप्लायरच्या पत्रातला शब्द मी न तपासता माझ्या सर्टिफिकेटवर उतरवला होता, तेही खरं. त्या शब्दासाठी माझ्याकडे एकही मोजमाप नव्हतं. इथे एमआयडीसीत माझ्यासारखी कितीतरी पोरं रोज अशा कागदांवर सह्या करतात. नंतर मी एक सवय लावून घेतली. जे मी मोजलं ते वेगळ्या रकान्यात, आणि जे सप्लायरने सांगितलं ते वेगळ्या रकान्यात, वर स्पष्ट लिहून: 'पुरवठादाराच्या पत्रानुसार'. सरांना आधी आवडलं नाही. गिऱ्हाईक विचारेल म्हणाले. विचारलंच. त्यानंतर नॅचरलच्या ड्रमासोबत कार्बन-१३ आणि कार्बन-१४ चे बॅचचे रिपोर्ट मागायला लागलो. दोन व्यापाऱ्यांनी फोन उचलणं बंद केलं.

आणि तो ड्रम. काही दिवस स्टोअरमध्ये लाल चिठ्ठी लावून पडला होता. निम्माअधिक भरलेला. टाकून द्यायचा तर शुद्धता ९९.८ टक्के, त्यात वाईट काहीच नाही. शेवटी स्टोअरवाल्या काकांनी जुनं लेबल खरवडून काढलं, नवं चिकटवलं: नेचर-आयडेंटिकल. कायद्याने अगदी बरोबर. मी त्यातून नमुना काढून परत एचपीएलसीवर लावला, नव्या नावाने नवा सीओए बनवला आणि सही केली. त्या दिवशीही शर्टाला तोच वास होता, आणि रिक्षातल्या मावशींनी परत केकचा भाव विचारला.

चला. तुमच्या घरातल्या एखाद्या डब्यावर वेगळंच काही लिहिलेलं दिसलं तर फोटो पाठवा, वाचू सगळे मिळून. भेटू पुढच्या भागात.